दोन रेघांचं लग्न

फोन आला तेव्हा मी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते आणि हे समोर बाजेवर होते. पलीकडून मालाच्या प्रयोगशाळेतली एक विद्यार्थिनी हिंदीत बोलत होती. मधेच तिचं हिंदी संपायचं आणि इंग्रजी सुरू व्हायचं, मग इंग्रजीही संपायचं आणि नुसतं रडणं ऐकू यायचं. मी "हां… हां…" करत राहिले. फोन ठेवला आणि काय करावं ते सुचेना म्हणून पुन्हा शेंग उचलली. चार-दोन शेंगा सोलल्या असतील नसतील, तेवढ्यात हे म्हणाले, "माला गेली का?" मी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?" तर म्हणाले, "तू एवढा वेळ गप कधी बसतीस?" मग भिंतीला हात लावत ते आत गेले आणि जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर आले नाहीत. मी सुपातल्या शेंगा सगळ्या सोलून संपवल्या. त्या दिवशी आमच्या घरात डाळ शिजली नाही, पण शेंगा तेवढ्या सोलून झाल्या होत्या.

दोन दिवसांनी पेपरात चौकट आली. दृष्टिविज्ञानातल्या ज्येष्ठ संशोधक डॉ. रत्नमाला यांचं बंगळुरूत निधन, रेणवीय मज्जाविज्ञानात मोलाचं कार्य, वगैरे. फोटो कुठला तरी जुना, केस काळे असतानाचा. आमच्या माकणी गावात चौघांनी मला थांबवून विचारलं की बाई, हे मज्जाविज्ञान म्हणजे काय असतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सारं आयुष्य शिकवलेली बाई, पण मलाही एका दमात सांगता आलं नाही. मालाला आलं असतं. तिला कुणालाही काहीही सांगता यायचं. फक्त स्वतःला काही समजावून सांगणं तिला जमलं नाही, आणि मला आज जे लिहायचंय ते त्याबद्दलच आहे.

आधी नातं सांगते. मालाची आई म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण, माझी आत्या. आत्याला दोनच लेकरं, मोठा दत्ता आणि धाकटी माला. आत्याचं घर माकणीत, माझं माहेर लोहाऱ्यात. शाळेला सुट्टी लागली की मी जीप धरून माकणीला हजर. माला आणि मी एका वयाच्या, एका ताटात जेवणाऱ्या आणि एकमेकींच्या झिंज्या ओढणाऱ्या. पुढं दत्ताशी माझं लग्न झालं आणि माला माझी नणंद झाली. आत्या, म्हणजे आता सासूबाई, म्हणाल्या, "नणंदेला नावानं हाक मारू नको, वन्सं म्हण." मी चारचौघांत मोठ्या अदबीनं "वन्सं, चहा घेता का?" असं म्हणायची आणि माला तोंडात पदर कोंबून मागच्या दारी पळायची. दारामागं गेलं की पुन्हा "माले" आणि "शालन" सुरू.

दत्ताला दिवस मावळल्यावर दिसत नसे. हे सगळ्या घराला माहीत होतं आणि कुणीही ते मोठ्यानं बोलत नसे. शेवग्याचा पाला खाऊ घालून झाला, गाजरं झाली, बकऱ्याचं काळीज झालं, सोनारीच्या देवाला नवस बोलून झाला. संध्याकाळी रानातून दादाला हाताला धरून घरी आणायचं काम मालाचं होतं. ती त्याच्यापेक्षा बरीच लहान, पण बांधावरून "आता उजवीकडं… आता खाली पाय टाक…" असं सांगत आणायची. कुणी वाटेत भेटलं तर ती एकदम हात सोडून त्याच्या बाजूला उड्या मारत चालायला लागायची, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं बहीण-भाऊ खेळत चाललेत. एवढ्याशा पोरीला ही लपवालपवी कुणी शिकवली असेल? कुणीच नाही. घरात जे चालतं ते लेकरं बघून शिकतात.

मग लग्नाचा विषय निघाला. बाहेरचं स्थळ आणावं तर सोयऱ्यांना डोळ्यांचं कळणार, कळलं की चार गावांत नाव निघणार, आणि पुढं मालाचं लग्न अडणार. तेव्हा आमच्याकडं जे सगळे करतात तेच ठरलं. मामाची पोरगी करायची. मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क, त्यात कुणी काही विचारायचं कारण नाही. माझे वडील म्हणाले, "घरातलं घरात राहील." हे वाक्य मी किती लग्नांत ऐकलंय. व्यंग झाकायचं म्हणून नात्यात पोरगी द्यायची, आणि नात्यात दिल्यामुळंच ते व्यंग पुढच्या पिढीत पुन्हा दारात उभं राहायचं, हे तेव्हा ना माझ्या वडिलांना माहीत होतं, ना आत्याला. आमचे सासरे मात्र थोडे कां-कूं करत होते, त्यांच्या मनात दूरचं एक स्थळ होतं. तेव्हा हट्टाला पेटली ती माला. "शालनच वहिनी पाहिजे. दुसरी आणली तर मी कॉलेज सोडून घरी बसते, बघा." तिला माहीत होतं की मला दत्ता आवडतो. तेवढं तिला एकटीलाच माहीत होतं. लग्नात ती करवली होती आणि नवरीपेक्षा जास्त मिरवली, असं आमच्या गल्लीत अजून सांगतात.

त्या वेळी ती शहरात एम.एस्सी. करत होती. पुढं बी.एड. करून लोहाऱ्याला शाळेत लागायचं, आपण दोघी मिळून जीपनं जाऊ-येऊ, असा आमचा बेत पक्का झाला होता. मग एका दिवाळीला ती घरी आली. मला पाचवा महिना होता. एरवी ती आल्या आल्या गळ्यात पडायची, त्या दिवशी दारातच थांबली. माझ्या पोटाकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि "पाय धुऊन येते" म्हणून मागच्या दारी गेली ती आलीच नाही. मी जाऊन पाहिलं तर रांजणापाशी उभी, तोंड ओलं आणि पाय कोरडे. म्हणाली, प्रवासाचा शीण आहे. मी म्हटलं, "वन्सं, जीपनं आलात, चालत नाही." ती हसली नाही. त्या दिवाळीत तिनं सांगून टाकलं की बी.एड. करणार नाही, पुढं शिकणार, संशोधन करणार. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मला राग आला तो आमचा जीपचा बेत मोडला म्हणून.

पुढची वर्षं ती भराभर दूर गेली. आधी दिल्ली, मग परदेश, मग बंगळुरूत एका संस्थेत स्वतःची प्रयोगशाळा. लग्न केलं नाही. वर्षातून एकदा गावी यायची तेव्हा सुटकेसमध्ये साड्या कमी आणि कागदं जास्त असायची. तिचा विषय तिनं आम्हाला चुलीपुढं बसून शिकवला. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर उजेड टिपणाऱ्या पेशी असतात. त्या दोन जातींच्या. सासूबाईंना ती म्हणायची, "आई, रातचे गडी आन् दिवसाचे गडी असत्यात बघ. दादाचे रातचे गडी आदी मरायलेत. ते गेले की दिवसाच्या गड्यांचंबी काय खरं न्हाय, कारण ते त्यांच्याच जिवावर जगत्यात." त्या रातच्या पेशींमध्ये एक प्रथिन असतं, त्याच्यावर उजेडाचा एवढासा कण पडला की त्याचा आकार बदलतो आणि तिथून निरोप निघतो तो थेट मेंदूपर्यंत जातो. तो निरोप पुढं कसा पोचतो, वाटेत कोण कुणाला देतो, आणि पोचला नाही तर पेशी का मरते, यात तिचं आयुष्य गेलं. मी चिडवायची, "एवढ्याशा कणासाठी एवढी वर्षं?" ती म्हणायची, "एवढ्याशा कणानं तू मला दिसतीस, शालन." असलं काही बोलली की मग ती लगेच भाकरी मागायची.

महेश, आमचा एकुलता एक, चालायला लागला आणि संध्याकाळी उंबऱ्याला अडखळायला लागला. मी मनाशी म्हणायची, लेकरं अडखळतातच. माला आली तेव्हा तिनं काही न बोलता मधल्या घराची दारं-खिडक्या लावून घेतल्या, पोराला पुढ्यात घेऊन बसली आणि अंधारात त्याच्यासमोर पांढरा रुमाल धरला. "घे की, बाळा." मी तिथंच होते. अंधाराला डोळे सरावल्यावर मला तो रुमाल नीट दिसत होता. महेश भलतीकडंच हात फिरवत होता आणि खिदळत होता, त्याला तो खेळ वाटला. माला बाहेर आली आणि मला सरळ सांगितलं, "यालाबी हाय." डॉक्टर लोक सांगताना जसं आडून आडून सांगतात, तसं नाही. मला तेव्हा तिचा संताप आला होता, पण आता वाटतं, आमच्या घरात ते पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं बोललं.

त्यानंतर एका उन्हाळ्यात ती खडू घेऊन आली. आमच्या ओसरीच्या शहाबादी फरशीवर तिनं सगळं खानदान मांडलं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. ज्याला दिसत नाही त्याचा चौकोन खडूनं भरून टाकायचा. भावकीतल्या म्हाताऱ्यांना चहा पाजून ती एकेक माहिती काढायची. कुणाची कोण, कुणाला संध्याकाळी दिसत नव्हतं, कोण विहिरीत पडून गेला आणि तो खरंच पाय घसरून पडला का. जिथं नवरा-बायको नात्यातले, तिथं ती दोघांमध्ये एक नाही तर दोन रेघा ओढायची. माझ्या आणि यांच्या मध्ये दोन रेघा आल्या. सासूबाईंनी विचारलं, "ह्यांच्यातच दोन का गं?" तर म्हणाली, "नातं डबल हाय म्हणून." फरशी पुसता पुसता मी पाहिलं, सगळ्या दोन रेघांपैकी आमच्याच तेवढ्या तिनं इतक्या दाबून काढल्या होत्या की खडू मोडून बाजूला पडला होता.

मग तिनं सगळ्यांचं रक्त मागितलं. भावकीत गडबड उडाली. "रगत कशाला? अजून पोरींची लग्नं व्हायचीत." निम्मे लोक त्या दिवशी शेतात काम निघालं म्हणून गायब झाले. पण माझा भाऊ लोहाऱ्याहून स्वतः आला, बाही वर केली आणि म्हणाला, "माझं घे, माझ्या पोरीचं, अर्चीचंबी घे. तू न्हाय तर कोण शोधणार?" त्याचा मालावर फार जीव. सगळं रक्त बर्फाच्या डब्यात घालून ती बंगळुरूला घेऊन गेली. तिची खात्रीच होती की बिघाड तिच्या त्या प्रथिनातच असणार. तो नव्हता. ज्याच्यापायी तिनं आयुष्य घातलं ते प्रथिन आमच्या घरात ठणठणीत निघालं. बिघाड दुसराच कुठला तरी, आणि तो शोधायची सोय तेव्हा कुणापाशीच नव्हती. त्याच सुमारास तिला कसलंसं मोठं पारितोषिक मिळालं. हे फोनवर तिला म्हणाले, "लई चांगलं झालं, माले." ती म्हणाली, "कुणाच्या तरी घरी उपयोग होईल, दादा. आपल्या न्हाय." एकदा तिनं सांगितलं की उंदरांमध्ये एक उपचार साधलाय, आंधळे उंदीर आता दाण्याकडं बघून जातात. तेव्हा हे हसून म्हणाले, "मग पुढच्या जन्मी मी उंदीरच होतो." सगळे हसले. तिनं मात्र ताटावरून उठून हात धुतला.

आता जे लिहिते ते महेशला आणि अर्चनाला विचारून लिहितेय. महेश म्हणाला, "लिव की, गावाला काय म्हाईत न्हाय व्हय?" लग्नाच्या वयात येईपर्यंत त्याला दिवसाचंही धूसर दिसायला लागलं होतं. त्यानं गावात पिठाची गिरणी टाकली होती आणि नुसतं पीठ चिमटीत घेऊन तो सांगायचा, जाडं निघालंय की बारीक. अर्चना, माझ्या भावाची मुलगी, सुट्टीत यायची ती माझ्यापाशी कमी आणि गिरणीत जास्त. दोघांचं हसणं पट्ट्याच्या आवाजातही बाहेर ऐकू यायचं. एका पाडव्याला भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "अर्ची महेशचीच. मामाची पोरगी हाय, दुसरीकडं द्यायचं काय कारण?" मी आनंदानं वेडी व्हायची बाकी होते. मालाला फोनवर सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, नक्की ठरलं का. मग म्हणाली, "मी येते. तोवर सुपारी फोडू नका."

ती आली, ओसरीवर भावापुढं बसली आणि सांगायला लागली. अर्चनामध्ये तो दोष लपलेला असू शकतो, शालनकडून महेशकडं आला तसाच. असेल तर त्यांच्या लेकरांपैकी निम्म्यांना हेच. आणि असेल की नसेल हे मला आज सांगता येत नाही. भाऊ शांतपणे ऐकत होता. त्यानं विचारलं, "असायची शक्यता किती?" ती म्हणाली, "चारात एक." भाऊ म्हणाला, "म्हंजे तीन हिस्से चांगलं, एक हिस्सा वाईट. आन् त्या एका हिश्शापायी तू मोडायलीस?" ती म्हणाली, "अण्णा, त्या एका हिश्शात दादा हाय. त्याच एका हिश्शात महेश हाय." भाऊ उठला. समोरचा चहा तसाच होता. जाताना मला एवढंच म्हणाला, "माझ्या पोरीच्या रगतात खोट हाय म्हणून तुझ्या ओसरीवर ऐकून घेतलं, शालन." त्यानंतर कितीतरी वर्षं त्यानं आमच्या घरची पायरी चढली नाही. वर्षाच्या आत अर्चनाचं लोहाऱ्यातच दुसरीकडं लग्न झालं. महेशला पुढं तीन-चार स्थळं आणली, तो कुठल्याच स्थळाला हो म्हणाला नाही. आता तो विषय कुणी काढत नाही.

मध्ये बराच काळ गेला. मग विज्ञान पुढं सरकलं. माणसाचं सगळंच एकदम वाचून काढायची यंत्रं आली आणि दुसऱ्याच एका प्रयोगशाळेतल्या एका तरुण मुलानं, मालाच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवलेल्या आमच्या त्या जुन्या रक्तातून, आमच्या घरातला बिघाड शोधून काढला. मालानं पूर्ण आयुष्य घातलं त्या प्रथिनाच्या तो बिघाड जवळपासही नव्हता. ज्यांनी रक्त दिलं होतं त्यांना तिनं कळवलं की आता सांगता येईल, ज्याला हवं त्यानं विचारावं. अर्चनानं विचारलं.

एके दुपारी ती लोहाऱ्याहून जीपनं आली. बरोबर दोन लेकरं, आणि हातात द्राक्षांची पिशवी. लेकरांना अंगणात सोडून ती माझ्यापाशी स्वयंपाकघरात येऊन बसली. बराच वेळ गावच्या गोष्टी बोलत होती. मग म्हणाली, "आत्या, माझ्यात न्हाय ते." मी म्हटलं, "काय गं?" ती म्हणाली, "ते डोळ्याचं. मालाआत्यानं तपासून सांगितलं. माझ्यात न्हायच." ती रडली नाही. पिशवीतून द्राक्षं काढून ताटात धुवायला लागली, एकेक मणी तोडून. म्हणाली, "महेशला सांगू नका. न्हाय तर सांगा. मला काय कळंना, आत्या." गिरणीचा आवाज घरापर्यंत येत होता. निघताना ती त्या बाजूच्या रस्त्यानं गेली नाही, लांबच्या रस्त्यानं फाट्यावर गेली. महेशला मी सांगितलं नाही, ते पुढं मालानं सांगितलं. स्वतः येऊन, गिरणीत पोत्यावर बसून, चाललेलं दळण संपेपर्यंत थांबून. महेशनं ऐकून घेतलं आणि पट्टा उतरवला. म्हणाला, "आत्या, तुमी त्या टायमाला खरं तेच सांगितलं. चला, बाहेर अंधारलं असंल. माझा हात धरा, मला अंधारात तुमच्यापेक्षा बरं चालता येतंय." गिरणीतून घरापर्यंत तो तिला हाताला धरून घेऊन आला. माला दारात आली तेव्हा तिचं तोंड मला बघवलं नाही.

शेवटची भेट बंगळुरूच्या दवाखान्यात झाली. आजार लपवून ठेवला होता, कळवलं ते फार उशिरा. आम्ही सोलापूरहून गाडी धरून गेलो. हे बाहेर बाकड्यावर बसले असताना तिनं मला ती दिवाळीची गोष्ट सांगितली. लग्नानंतर वर्षाच्या आतच, कॉलेजच्या ग्रंथालयात एका जाड पुस्तकात तिला एक वंशावळ दिसली होती. चौकोन, गोल, दोन रेघा, आणि त्यांच्या खाली ओळीनं भरलेले चौकोन. रातांधळेपणाचं ते चित्र होतं. "मला वाटलं आपलंच घर कुणी काढून ठेवलंय," ती म्हणाली. "पुस्तक मिटलं आणि गाडीत बसून घरी आले. दारात तू पोट घेऊन उभी." इतक्या वर्षांत तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "जे लग्न मी थांबवायला पाहिजे होतं, त्यासाठी मी हट्ट केला. जे होऊ द्यायला पाहिजे होतं, ते मी मोडलं. मधल्या काळात चुकीच्या प्रथिनावर काम केलं. आता सांग, डॉक्टर रत्नमालाचं काय करायचं?"

मी भांडले. दवाखान्यात भांडले. म्हटलं, लग्न तुझ्या एकटीच्या हट्टानं झालं नाही, आणि झालं त्याचा मला एक दिवसही पश्चात्ताप नाही. महेश झाला नसता तर मी काय करणार होते? तुझ्या त्या प्रथिनाच्या कामानं उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी घरची लेकरं बघतील. आणि अर्चनाचं तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, मग चूक कुठली? माझ्या मते मी अगदी बिनतोड बोलत होते. तिनं सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "तुझं म्हणणं पुराव्यात धरता येत नाही, शालन. तू माझी वहिनी आहेस." मी म्हटलं, "मग कुणाचं धरतेस?" तेवढ्यात नर्स आली आणि आमचं भांडण तिथंच थांबलं. पुढच्या वेळी आणखी मुद्दे घेऊन येईन असं मी ठरवलं होतं. आता ते मुद्दे कुणाला सांगू? याची हळहळ जन्मभर जाणार नाही. ती गेली ती स्वतःला दोषी धरूनच गेली, आणि मी तिची एवढी जवळची असून तिचं मन वळवू शकले नाही.

दहाव्याला माझा भाऊ आला. पायरी चढला, यांच्याशेजारी बसला आणि दिवसभर बसून राहिला. मी त्याला चहा दिला, तो त्यानं प्यायला.

गेल्या आठवड्यात शेजारच्या गल्लीतली एक बाई आली. चांगली ओळखीची, पण तिला मालाचं कळलं नव्हतं, ती लेकीच्या गावी होती. पायरीवर टेकत म्हणाली, "बाई, मालाताईंचा नंबर द्या की. पोराचं ठरवायलोय. त्याच्या मामाचीच पोरगी हाय. आन् पोरीच्या चुलत्याला सांजचं दिसत न्हाय म्हणं. तेवढं इचारावं म्हटलं, करावं का नको?" आमच्या भागात आता लोक सुपारी फोडायच्या आधी विचारायला येतात, हे मालाला कधी कळलं असेल का, की आलेले असले फोन तिनं कधी जमेस धरलेच नाहीत? मी म्हटलं, "त्या गेल्या." ती बाई हळहळली, डोळ्याला पदर लावला. मग जायला उठली आणि पुन्हा तिथंच घुटमळली, कारण तिचा प्रश्न तसाच राहिला होता. मी तिला सांगायला लागले, तपासणी कुठं होते, दोघांचं रक्त कसं द्यावं लागतं. मालाकडून ऐकून ऐकून मला ते पाठ झालंय.

हे बाजेवर बसून सगळं ऐकत होते. एकदम म्हणाले, "तपासणीचं नंतर. बाई, आदी हे सांगा, पोरगा आन् पोरगी एकमेकाला पसंत हाईत का?" विचारायची ढब हुबेहूब मालाची, समोरच्याला सरळ पेचात पकडणारी. पण हा प्रश्न मालानंही कधी विचारला नव्हता. त्या पाडव्यानंतर याच ओसरीवर आम्ही सगळे बसलो होतो, चारात एक आणि चारात तीन करत. महेश त्या दिवशी गिरणीत होता आणि अर्चना लोहाऱ्यात. त्या दोघांना आम्ही कुणीच काही विचारलं नव्हतं.

ती बाई गोंधळली. म्हणाली, "ते तर म्या इचारलंच न्हाय."

"मग जा," हे म्हणाले, "आन् आदी ते इचारून या."